इटेन गांव आणि त्याचे पाहुणे

देशाटनाचे हेतु आपल्याकडे पूर्वापार ठरलेले आहेत. कोणी पुण्यासाठीं काशीस जाई, कोणी व्यापारासाठीं आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागे, कोणी विद्येसाठीं विलायतेची वाट धरी. आणि हवा पालटावी व चार नवीं स्थळें पाहावींत एवढ्याच हेतूनें जाणाऱ्यांची संख्या पुढें ह्या सर्वांहून मोठी झाली. ह्या यादींत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका निराळ्याच हेतूची भर पडली आहे. सुटीचे दहा-पंधरा दिवस काढावे, दहा-वीस अनोळखी माणसांच्या मंडळींत सामील व्हावें, परदेशांतील एखाद्या गांवीं जाऊन तेथील लोकांबरोबर रोज पहांटे धांवावें, त्यांचें अन्न खावें, त्यांच्या घरीं बसून चहा घ्यावा, आणि मग परत यावें, अशा सफरी आतां निघूं लागल्या आहेत. ज्यांना धांवण्याचा छंद नाहीं त्यांना हा प्रकार विक्षिप्त वाटेल. पैसे मोजून, समुद्र ओलांडून, केवळ दमण्यासाठीं जावयाचें, ह्यांत सुख तें कोणतें? परंतु वारीच्या महाराष्ट्राला ही कल्पना अगदींच अपरिचित वाटूं नये. पाय दमविल्याखेरीज कांहीं गोष्टी कळत नाहींत, आणि एकट्यानें दमण्यापेक्षां मंडळींत दमण्याची गोडी वेगळी, हें पंढरीच्या वाटेनें आपल्याला कधींच शिकविलें आहे.

अशा सफरींचें जगांतील सर्वांत गाजलेलें ठिकाण म्हणजे केनियांतील इटेन हा गांव. तेथें जाणाऱ्या मंडळ्यांना आश्वासन दिलेलें असतें तें असें कीं, तुम्ही केवळ धांवणार नाहीं, तर तेथील संस्कृतींत कांहीं दिवस मिसळून जाल. हे शब्द ऐकावयास गोड आहेत. पण ती संस्कृति कोठून आली, ती कोणीं घडविली, आणि पाहुण्यांच्या सहवासाची किंमत तेथें कोण देतो, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यांचें उत्तर इटेनच्या इतिहासांत आहे, व तो इतिहास आम्हांस मोठा बोधप्रद वाटतो.

प्रथम स्थळ पाहूं. नैरोबीहून वायव्येस सुमारें तीनशें किलोमीटरांवर एल्डोरेट हें शहर लागतें, आणि तेथून पस्तीस-एक किलोमीटरांवर इटेन. गांव विषुववृत्ताच्या अगदीं जवळ, पण समुद्रसपाटीपासून सुमारें २,४०० मीटर उंचीवर आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर. म्हणजे त्या शिखरावर आणखी साडेसातशें मीटरांची टेकडी ठेवावी, तेव्हां इटेनचा बाजार यावयाचा! त्यामुळें तेथें उन्हाचा ताप नाहीं. सकाळ गार, दुपार सौम्य. गांवाच्या एका अंगास जमीन एकाएकीं तुटते, आणि हजार मीटरांहून अधिक खोल केरिओ नदीचें खोरें दिसूं लागतें. सह्याद्रीच्या कड्यावर उभें राहून ज्यानें कोंकण पाहिलें आहे, त्याला ह्या दृश्याची थोडीफार कल्पना येईल. रस्ते तांबड्या मातीचे. पावसाळ्यांत ती माती बुटांना लोण्यासारखी चिकटते, उन्हाळ्यांत धुळीनें पोटऱ्या रंगतात. गांवांत शिरतांना रस्त्यावर एक कमान लागते, आणि तिच्यावर हा वीरांचा, म्हणजे जगज्जेत्यांचा, गांव असल्याचें लिहिलेलें आढळतें. कमानी उभारण्याची हौस सर्व देशांत सारखीच. पण ह्या कमानीवरील मजकूर अतिशयोक्तीचा नाहीं, हें विशेष.

येथील लोक कालेंजिन. हें नांव मोठें जुनें असेल असें वाटतें, पण तें गेल्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांतलें आहे. नांदी, किप्सिगिस, केयो, मारक्वेत, तुगेन इत्यादि जमाती एकमेकींस समजणाऱ्या बोली बोलत. रेडिओवरील भाषणांतून आणि शाळांत जमलेल्या तरुणांच्या बोलण्यांतून 'मी तुला सांगतों' अशा अर्थाचा हा शब्द पुढें आला, व तोच सर्वांचें सामाईक नांव होऊन बसला. त्यांच्या व्यक्तिनामांतही एक गंमत आहे. मुलगा कोणत्या वेळीं, कोणत्या प्रसंगीं जन्मला, तें त्याच्या नांवांत सांगितलेलें असतें. दिवसाढवळ्या जन्मला तो किबेत, पाऊस पडत असतांना जन्मला तो किप्रोप, गुरें घरीं परततांना जन्मला तो किप्रोतिच. मुंबईची मॅरेथॉन २००४ सालीं सुरू झाल्यापासून जानेवारींतील वर्तमानपत्रांत 'किप' आणि 'चेप' ह्या अक्षरांनीं आरंभ होणारीं नांवें मराठी वाचकांच्या डोळ्यांखालून जात आहेत. त्या नांवांत एका गुराखी समाजाचें घड्याळ दडलेलें आहे, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असेल.

आतां धांवण्याकडे वळूं. गुरांमागें हिंडणें, दूरच्या शाळेंत पायीं जाणें, हें ह्या डोंगराळ मुलखांत नेहमींचेंच. पण आंखलेल्या मैदानावर, घड्याळ लावून, ठराविक फेऱ्या धांवणें ही रीत त्यांची नव्हे. ती इंग्रजी अंमलांत आली. शाळा, पलटणी, पोलीस आणि तुरुंगखातें ह्यांच्या द्वारां मैदानी खेळ पसरले. गुरें पळविण्याच्या जुन्या चालीपासून तरुणांचें मन वळवावें, हाही अधिकाऱ्यांचा एक हेतु होता. १९५१ सालीं देशाची हौशी खेळाडूंची संघटना स्थापन झाली.

येथें आपला स्वतःचा अनुभव आठवण्यासारखा आहे. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें व पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खटपटीनें जें हिंदी पथक गेलें, त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते; मॅरेथॉनच्या शर्यतींत ते एकोणिसावे आले. आपल्या माणसानें समुद्र ओलांडून युरोपांत जावयाचें, त्यांच्या नियमांनीं धांवावयाचें, आणि त्यांच्या घड्याळानें आपली किंमत ठरवून घ्यावयाची, असा तो काळ होता. केनियाची पाळी त्यानंतर चौतीस वर्षांनीं आली. १९५४ सालीं कॅनडांतील व्हँकुव्हरच्या सामन्यांस जातांना त्यांचे खेळाडू लंडनमध्यें थांबले. तेथें सहा मैलांच्या शर्यतींत लाझारो चेपक्वोनी हा नांदी तरुण अनवाणी धांवला. वेग एकदम वाढवावा, मग सोडावा, पुन्हां वाढवावा, अशा रीतीनें त्यानें प्रेक्षकांस थक्क केलें, व अखेर दुखापतीमुळें शर्यत मध्येंच सोडली. समगतीनें धांवण्यास सरावलेल्यांना ही रीत अडाणीपणाची वाटली. परंतु त्याच सामन्यांत न्यांडिका मायोरो हा तीन मैलांच्या शर्यतींत तिसरा आला, आणि पुढें व्हँकुव्हरला चौथा.

त्यानंतर चौदा वर्षांनीं पारडें फिरलें. १९६३ च्या डिसेंबरांत केनिया स्वतंत्र झाला होता. १९६८ चे ऑलिंपिक सामने मेक्सिको शहरीं, म्हणजे २,२४० मीटर उंचीवर, भरले. विरळ हवेंत युरोप-अमेरिकेचे नामांकित धांवपटू धापा टाकूं लागले, आणि नफ्ताली तेमू, आमोस बिवॉट व किपचोगे केइनो ह्यांनीं अनुक्रमें दहा हजार मीटर, अडथळ्यांची शर्यत व पंधराशें मीटर ह्यांत सुवर्णपदकें पटकावलीं. उंचीवर राहणाऱ्यांच्या रक्तांत तांबड्या पेशी वाढतात व प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति वाढते, ह्या गोष्टीकडे तेव्हांपासून साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. ज्यांना आजवर शिकवावयाचें, त्यांच्याकडे शिकावयास जावें लागेल, अशी शंका युरोपास प्रथमच आली.

पण नुसती उंची हें कारण पुरेसें नव्हे. उंच मुलूख जगांत पुष्कळ आहेत. इटेन एकच आहे. तें घडण्यास एक शाळा कारण झाली. आयर्लंडांतील एका कॅथॉलिक धर्मबंधूंच्या संघानें चालविलेली सेंट पॅट्रिक्स ही मुलांची शाळा इटेनमध्यें होती. १९७६ सालीं तेथें कोल्म ओकॉनेल हे तरुण आयरिश शिक्षक भूगोल शिकविण्यास आले. थोडे महिने राहून परतावें, असा त्यांचा विचार होता. खेळाचें शिक्षण त्यांना मुळींच नव्हतें. त्या वेळीं शाळेंतील धांवणाऱ्या मुलांकडे पीटर फॉस्टर नांवाचे इंग्रज शिक्षक पाहत. इंग्लंडचे प्रसिद्ध धांवपटू ब्रेंडन फॉस्टर यांचे ते बंधु. ओकॉनेल त्यांना मदत करूं लागले, व ते थोड्याच काळानें मायदेशीं परतल्यावर सर्व भार ह्या भूगोलाच्या मास्तरांवर पडला.

अशा प्रसंगीं दोन मार्ग संभवतात. आपणांस ठाऊक नाहीं तें पुस्तकांतून उचलून मुलांवर लादावें, हा एक. आणि मुलें कशीं धांवतात, केव्हां थकतात, केव्हां हंसतात, तें निमूटपणें पाहत राहावें, हा दुसरा. ओकॉनेल ह्यांनीं दुसरा मार्ग धरला. शिकविण्याआधीं ते शिकले. केनियानें १९७६ व १९८० च्या ऑलिंपिक सामन्यांवर बहिष्कार घातला होता, त्यामुळें ह्या कामाचें फळ जगास लगेच दिसलें नाहीं. परंतु ह्याच शाळेंतून गेलेला इब्राहिम हुसेन १९८७ सालीं न्यूयॉर्कची, आणि १९८८ सालीं बॉस्टनची मॅरेथॉन जिंकून गेला. दोन्ही ठिकाणीं तो पहिला आफ्रिकी विजेता. त्याच १९८८ सालीं पीटर रोनो हा दुसरा माजी विद्यार्थी सोलच्या ऑलिंपिक सामन्यांत पंधराशें मीटरांचें सुवर्णपदक घेऊन आला. विजेत्यानें शाळेच्या आवारांत एक झाड लावावें, अशी तेथें प्रथा पडली. दगडाचे पुतळे उभारण्यापेक्षां ही प्रथा आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. झाड वाढतें, सांवली देतें, आणि पुढच्या मुलाला जागा किती उरली आहे हेंही सांगतें.

१९८९ सालीं ओकॉनेल ह्यांनीं शाळेच्या सुटींत मुलींसाठीं सरावाची छावणी सुरू केली. सुटींत एकत्र राहून धांवण्याची जी कल्पना आज परदेशी प्रवाशांना विकली जाते, तिचा इटेनमधील पाया हा असा, गांवोगांवच्या शाळकरी मुलींसाठीं घातला गेला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें २०११ व २०१३ सालीं मॅरेथॉनची जगज्जेती झालेली एडना किपलागात ही ह्याच छावण्यांतून आलेली. आणि डेव्हिड रुडिशा, ज्यानें २०१२ च्या लंडन ऑलिंपिक सामन्यांत आठशें मीटरांचें अंतर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत तोडून त्या वेळीं जागतिक उच्चांक केला, तोही ह्याच गुरूचा शिष्य.

मुलींचा प्रश्न दुसऱ्या एका बाईनेंही हातीं घेतला. लोर्ना किपलागात ह्या धांवपटूनें परदेशांतील शर्यतींत मिळविलेल्या पैशांतून १९९९ च्या सुमारास, आपले डच पति पीटर लांगरहोर्स्ट यांच्यासह, इटेनमध्यें सरावाचें निवासकेंद्र काढलें. तरुण मुलींना घरकामाच्या ओझ्यापासून दूर, निर्धास्तपणें सराव करतां यावा, हा त्यामागील मूळ हेतु. पुढें तें बाहेरच्या खेळाडूंसही खुलें झालें. मो फराह आला, पॉला रॅडक्लिफ आली. आणि श्रेष्ठ खेळाडू जेथें जातात तेथें हौशी माणसेंही जातात, ह्या न्यायानें मग साधे नोकरदार, शिक्षक, डॉक्टर, विद्यार्थी यांची रीघ लागली. इंग्लंडांत वाढलेले, पण संस्कृत धाटणीचें नांव धारण करणारे पत्रकार आधारानंद फिन हे २०११ सालीं बायकामुलांसह सहा महिने तेथें जाऊन राहिले, आणि पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकानें ह्या गांवाचें नांव घरोघर नेलें. चौगुल्यांच्या वेळीं जो प्रवाह पूर्वेकडून व दक्षिणेकडून युरोपाकडे वाहत होता, तो असा पुरता उलटा झाला.

मंडळींत सामील झालेल्या पाहुण्याचा तेथील दिवस कसा जातो? पहिले दोन-तीन दिवस तर चालण्याचेच; जिना चढतांनाही छाती भरून येते. स्वाहिली भाषेंतील 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, हे शब्द तो सर्वांआधीं शिकतो. सकाळीं सहाच्या सुमारास, उजाडतां उजाडतां, रस्त्याच्या तिठ्यावर धांवणारे जमूं लागतात. कोणी कोणाची ओळख विचारीत नाहीं. आला तो आपला. आरंभींचा वेग इतका संथ असतो कीं, जगज्जेता व पाहुणा कांहीं अंतर बरोबर जाऊं शकतात. मग पावलें हळूहळू लांबतात, आणि पाहुण्याला आपण मागें राहिल्याचें कळतें तेव्हां पुढचा जथा वळणापलीकडे गेलेला असतो. त्याच्या सोबतीला उरतात तीं शाळेस निघालेलीं मुलें, पाठीवर दप्तर घेऊन त्याच्याहून सहज धांवणारीं. ह्या सफरींतील सर्वांत मोलाचा धडा आमच्या मतें हाच: शेवटचा येणें ह्यांत अपमान नाहीं, हें तेथें शब्दावांचून शिकविलें जातें. घरीं परतल्यावर चहा, नाश्ता, झोंप. दहाच्या सुमारास पुन्हां थोडें धांवणें. दुपारीं पुन्हां विश्रांति. विश्रांति हा आळस नव्हे, तो सरावाचाच भाग होय, हें तेथील तरुण इतक्या निष्ठेनें पाळतात कीं, गडबडीच्या शहरांतून आलेल्या माणसास त्याचें आश्चर्य वाटावें.

आतां त्या 'स्थानिक संस्कृती'कडे जरा बारकाईनें पाहूं. गुरुवारीं सकाळीं शेकडों धांवपटू एकत्र जमून वेग आळीपाळीनें वाढवीत व सोडीत धांवतात. तो सोहळा पाहण्यास पाहुणे मुद्दाम जातात. ह्या सरावाचें नांव 'फार्टलेक'. हा शब्द स्वीडिश असून त्याचा अर्थ वेगाचा खेळ. स्वीडनचे शिक्षक गोस्ता होल्मर यांनीं ही पद्धति १९३० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. लंडनच्या मैदानावर चेपक्वोनीचा जो कमी-अधिक वेग अडाणी ठरला, त्याच्याशीं हिचें नातें जवळचें आहे. पण तिला मान मिळाला तो युरोपांतील नांव लावून आल्यावर! जेवणांत 'उगाली' असते, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट गोळा. मका मूळचा अमेरिकेचा. आफ्रिकेंत तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला. धांवून आल्यावर दूध व साखर घालून उकळलेला जो चहा मिळतो, त्याचें नांवही 'चाय'च. आणि सणासुदीला किंवा पाहुणा आला असतां जी पोळी होते ती 'चपाती'. केनियांत चहाचें रोप १९०३ सालीं लिमुरू येथें लागलें, तें हिंदुस्थानांतून गेलेलें. दुकानाला तेथें 'दुका' म्हणतात, मोटारीला 'गारी'.

हे शब्द तेथें कसे पोंचले, त्याची कथा सुखाची नाहीं. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ ह्या काळांत बांधली गेली. तिच्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले, व त्यांपैकीं सुमारें २,५०० तेथेंच मेले. त्यांच्या मागोमाग हिंदी दुकानदार आंतल्या मुलखांत शिरले. म्हणून पुण्या-मुंबईचा माणूस इटेनला गेला, तर त्याला कोणी 'मुहिंदी' म्हणून हांक मारील, तेव्हां त्यानें समजून असावें कीं, आपण त्या देशांत अगदींच नवखे नाहीं. गोऱ्या पाहुण्याच्या मागें जसा राज्यकर्त्याचा इतिहास उभा असतो, तसा आपल्या मागें मजुराचा आणि व्यापाऱ्याचा असतो. त्या इतिहासांत घाम आहे, धाडस आहे, आणि देण्याघेण्याच्या कटु आठवणीही आहेत.

मग तेथील अस्सल असें कांहींच नाहीं काय? आहे. भोपळ्याच्या तुंब्यांत, विशिष्ट झाडाच्या कोळशानें आंतून घांसून, आंबवून ठेवलेलें 'मुर्सिक' नांवाचें दूध हें कालेंजिनांचें खास आपलें. परदेशांत शर्यत जिंकून आलेल्या वीरास विमानतळावर प्रथम तोच तुंबा तोंडास लावून देतात. पण आम्हांस सांगावयाचें तें निराळेंच. स्वीडनचा सराव, अमेरिकेचा मका, हिंदुस्थानचा चहा, आयर्लंडचा मास्तर आणि डोंगरांतली मुलें, इतक्यांच्या मिलाफानें जें झालें, तें उसनें राहिलें नाहीं. तें इटेनचेंच झालें. परक्यांकडून घेतलेली वस्तु आपल्या रीतीनें वापरून आपलीशी करणें, हीच तर जिवंत संस्कृतीची खूण. ती जुन्या वस्तूंचें संग्रहालय नव्हे कीं तिकीट काढून पाहिलें आणि झालें. पाहुणा तेथें जातो तेव्हां तो ह्या घडणीचा नुसता प्रेक्षक राहत नाहीं. बरें किंवा वाईट, तोही तींत कांहीं टाकून येतो.

ह्या शेवटच्या वाक्यांतील 'वाईट' हा शब्द आम्हीं विचारपूर्वक घातला आहे. गांवांत पैसा आला, शाळकरी पोराला धांवण्यांत भवितव्य दिसूं लागलें, हें खरें. परंतु शर्यतीच्या बक्षिसांनीं घर चालविणारे मूठभर, आणि त्या आशेवर वर्षानुवर्षें पहांटे उठणारे शेंकडों. आशा जेथें इतकी महाग, तेथें कुमार्ग स्वस्त होतो. निषिद्ध औषधें घेतल्यावरून केनियाच्या अनेक धांवपटूंवर बंदी आली. २०१६ सालीं देशाला त्यासाठीं स्वतंत्र सरकारी संस्था स्थापावी लागली, आणि २०२२ च्या अखेरीस साऱ्या देशावरच बंदी येण्याचा प्रसंग थोडक्यांत टळला. कामारिनी येथील कड्यावरचें मातीचें मैदान, ज्यावर पिढ्यान् पिढ्या घडल्या, तें नूतनीकरणासाठीं बंद झालें आणि काम कित्येक वर्षें रेंगाळलें. कमानीखालून जातांना छायाचित्र घेणाऱ्या पाहुण्यास ह्यांतलें कांहीं दिसत नाहीं.

आणि एक गोष्ट तर लिहितांनाही मन जड होतें. १२ सप्टेंबर २०२१ रोजीं जर्मनींत आग्नेस तिरोप हिनें केवळ स्त्रियांच्या शर्यतींतील दहा किलोमीटरांचा उच्चांक ३० मिनिटें १ सेकंद असा केला. आणि महिनाभरानें, १३ ऑक्टोबर रोजीं, इटेनमधील तिच्या राहत्या घरीं तिचें प्रेत सांपडलें. तिचें वय पंचवीस वर्षांचें होतें. तिच्या खुनाचा आरोप तिच्या पतीवर ठेवण्यांत आला. बाईनें पैसा मिळवावा आणि त्यावर हक्क मात्र दुसऱ्यानें सांगावा, हें दुखणें केवळ केनियाचें आहे असें म्हणण्याचें धाडस आम्हांस तरी होत नाहीं. ह्या घटनेनंतर तेथील स्त्री-धांवपटू एकत्र आल्या, व तिच्या नांवानें त्यांनीं पीडित स्त्रियांच्या साहाय्यासाठीं संस्था काढली. मुलींना निर्धास्तपणें धांवतां यावें म्हणून ज्या गांवांत छावण्या निघाल्या, त्या गांवांत हें काम अजून संपलेलें नाहीं, हें पाहुण्यानें जाणून असावें.

पाहुणा काय देऊं शकतो, ह्याचें एक उदाहरण सांगून हा लेख आवरता घेऊं. इटेन ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत चेपकोरिओ नांवाचें खेडें आहे. र्‍वांडा देशाचे धांवपटू जेर्व्हे हाकिझिमाना हे परदेशी पाहुणे म्हणून त्या भागांत सरावास येत. ते धांवूं लागले कीं गुरें राखणारा एक अनवाणी पोरगा त्यांच्या टांचांशीं धांवे, आणि ते त्याला हांकलून देत, असें त्यांनींच पुढें सांगितलें. तो पोरगा हटेना. होतां होतां हांकलणारा पाहुणा त्याचा गुरु झाला. तो मुलगा केल्व्हिन किप्टुम. ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं शिकागो येथें त्यानें मॅरेथॉनचें अंतर २ तास ३५ सेकंदांत पार केलें. अधिकृत शर्यतींत तोंवर मनुष्यमात्र इतक्या वेगानें धांवला नव्हता. चार महिन्यांनीं, ११ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीं, मोटारीच्या अपघातांत गुरु आणि शिष्य दोघेही गेले. किप्टुमचें वय चोवीस होतें. ह्या शोकांत कथेंतही पाहुणचाराचें सारें मर्म आलें आहे. पाहुणा आपल्या कामासाठीं आला होता. मागून येणाऱ्या पावलांचा त्याला आरंभीं त्रासच वाटला. पण तो वारंवार आला, थांबला, आणि त्यानें मागें वळून पाहिलें.

आपल्याकडील धांवणाऱ्यांच्या मंडळ्या आतां वाढत आहेत, आणि घरांतील मुलगा, सून, क्वचित् निवृत्त झालेले काकाही परदेशांतील अशा सफरीचा बेत करतात. वडील माणसांनीं त्यांना नाउमेद करूं नये. जाण्यासारखी ती जागा आहे. निघतांना बूट, औषधें, अंगावरचे कपडे ह्यांची यादी जो तो करतोच. त्या यादींत आणखी थोड्या गोष्टी असाव्यात. चार स्वाहिली शब्द आधीं शिकावेत. ज्यांच्या घरीं चहा घ्यावयाचा, त्यांच्या नांवाचा अर्थ विचारावा व आपल्याही नांवाचा सांगावा. सोबत धांवणाऱ्या तरुणाला त्याच्या वेळाचा योग्य मोबदला मिळतो कीं नाहीं, सफरीच्या पैशांतील किती भाग गांवांत राहतो, हें मंडळी चालविणाऱ्यास स्पष्टपणें विचारावें. हा विचारणाऱ्याचा उद्धटपणा नव्हे. आणि छायाचित्र काढण्यापूर्वीं ज्याचें काढावयाचें त्याची परवानगी घ्यावी, जशी आपण आपल्या घरीं अपेक्षितों.

दहा दिवसांत कोणी दुसऱ्याच्या संस्कृतींत मिसळून जात नाहीं. तसें सांगणारा आपली व दुसऱ्याची फसवणूक करतो. दहा दिवसांत फार तर एवढें साधतें कीं, आपल्याला काय येत नाहीं तें कळतें. पण भूगोलाच्या मास्तरांचा आरंभही तेथूनच झाला होता. जो शिष्य होऊन गेला त्यानें इटेन घडविलें. जो केवळ गिऱ्हाईक होऊन गेला त्यानें तेथें धूळ उडविली व तो परतला. पुढच्या पहांटे तिठ्यावर उभें राहणाऱ्या पाहुण्यानें ह्या दोहोंपैकीं कोण व्हावयाचें, हें धांवण्यास आरंभ करण्यापूर्वींच ठरवावें. एकदां चढ लागला, म्हणजे विचार करण्याइतका श्वास उरत नाहीं.